सलाईनवरची फियाट

सगुणा घरत वारली त्याला सव्वीस वर्षं झाली होती. तरी गेले सहा महिने ती रोज दुपारी तीनच्या सुमारास गाडीच्या मागच्या सीटवर येऊन बसायची आणि मला दवाखान्यात न्या म्हणायची. बसायची ती फक्त तिच्या बापाच्या, तुळशीरामांच्या, डोक्यात. धावपळ मात्र अख्ख्या घराची व्हायची.

"सगुना बसलीय गाडीत. कळा येतान तिला. चावी दे," तुळशीराम म्हणायचे.

तुळशीरामांचं वय ऐंशी. चावी न देण्याचं आणि त्याबद्दल फटके खाण्याचं काम धाकटा मुलगा दीपेश याच्याकडे होतं. दीपेशचे दोन ट्रेलर बंदरातून कंटेनर वाहत. पण आपल्या पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या घरी दुपारी तीनच्या आत पोचायचंच, असा नियम त्यानं अलीकडे केला होता. ट्रेलरवाल्याला जगात एवढा एकच नियम पाळणं जमत नाही.

त्यानं सगळी उत्तरं देऊन पाहिली होती. "गाडी गॅरेजला गेलीय" म्हटलं की तुळशीराम गॅरेजकडे चालत सुटायचे. "दारात नवी गाडी उभी आहे, तिच्यातून जाऊ" म्हटलं की त्या गाडीला बाहेरून एक फेरी मारून विचारायचे, "ही कुनाची? आपली फियाट काढ." आणि एकदा दीपेशनं वैतागून खरं तेच सांगितलं, "बाबा, सगुणाताई गेली. सव्वीस वर्सं झाली." तुळशीरामांना ही बातमी नवीन होती. ते खाली बसले आणि त्यांनी असा टाहो फोडला की शेजारचे लोक चपला न घालता धावत आले. संध्याकाळपर्यंत ते सगळं विसरले. दुसऱ्या दिवशी तीन वाजता सगुणा पुन्हा गाडीत. खरं बोलण्याचा प्रयोग दीपेशनं एकूण तीनदा केला. तिन्ही वेळा घरात ताजं सुतक आलं. मग त्यानं तो बंद केला.

पावसाळ्याच्या शेवटी तुळशीराम हायवेच्या मधोमध सापडले. दोन्ही हात पसरून ट्रक थांबवत होते. ज्या ट्रकनं करकचून ब्रेक मारले, त्याचा ड्रायव्हर दीपेशच्या ओळखीचा निघाला. तो त्यांना केबिनमध्ये बसवून घरी घेऊन आला आणि जाताना म्हणाला, "भाऊ, आज मी होतो. उद्याचा ड्रायव्हर कोण असेल, सांगता येत नाही."

पेणच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव लांबलचक सांगितलं आणि उपाय एका वाक्यात. "वाद घालू नका. ते जिथं आहेत तिथं तुम्ही जा."

"ते फियाटमधे हायत," दीपेश म्हणाला.

"मग फियाटमध्ये जा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटची घंटी वाजवली.

फियाट होती. घरामागच्या जुन्या मिठाच्या गोदामात होती, कुलपात. सव्वीस वर्षांत ते कुलूप उघडलं नव्हतं. कारण सगळ्या गावाला माहीत होतं: गाडीनं ऐन वेळी दगा दिला, पोर गेली, बापानं गाडीचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं. दसऱ्याला घरतांच्या घरी ट्रेलरला हार पडायचा, ट्रॅक्टरला पडायचा, बिनहवेच्या सायकललासुद्धा झेंडूचं एक फूल मिळायचं. गोदामाकडे कुणी वळून पाहायचं नाही. वाळीत टाकलेल्या माणसाला निदान गाव सोडून जाता तरी येतं.

दीपेशनं ठरवलं की गाडी चालू करायची. बापाला एकदा स्टिअरिंगवर बसवायचं, सगुणाला दवाखान्यात पोचवू द्यायचं. मग कदाचित तो शांत होईल, दोन घास खाईल, आणि त्याचा शेवट तरी एखाद्या अनोळखी ट्रकखाली होणार नाही. त्यानं हे घरात बोलून दाखवलं, तेव्हा बायको हेतल म्हणाली, "करा. कायपन करा. माज्या हातावर बगा केवढा वळ उठलाय."

आई, नीराबाई, पडवीत सुकट निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"नको करू," ती म्हणाली.

"का?"

"मेलेला उकरू नये."

"आये, तो रोज उकरतोच हाय. आपन निदान एकदा उकरून बुजवून टाकू."

नीराबाईनं सुपातला कचरा फुंकला आणि उठून आत गेली. दीपेशला वाटलं, पोरीच्या आठवणीनं आईचं काळीज हलत असेल. त्याला वाटलं ते चूक नव्हतं. पण एवढंच नव्हतं.

मिस्त्री नागावहून आणावा लागला. पेणमध्ये फियाट ओळखणारे मिस्त्री आता भिंतीवरच्या फोटोत होते. नामा मिस्त्री मुंबईत टॅक्स्या दुरुस्त करत चाळीस वर्षं घालवून गावी परतला होता आणि नागावात त्याला नवाच धंदा सापडला होता. तिथल्या होमस्टेवाल्यांना अंगणात नारळाखाली एकेक जुनी फियाट हवी असते. पर्यटक तिला टेकून फोटो काढतात आणि मागे हटून म्हणतात, काय दिवस होते. गाडी चालायची गरज नसते. रंग चकाकला आणि हेडलाइट लागले की झालं. नामा स्वतःला 'उभ्या गाड्यांचा मिस्त्री' म्हणवून घ्यायचा. चालणारी गाडी करून द्या, असं कित्येक वर्षांनी कुणी म्हटलं, तेव्हा त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

कुलूप तोडावं लागलं. दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा वास आला, मग उंदीर आले, मग गाडी दिसली. पांढरी होती, चौऱ्याहत्तरचं मॉडेल, पेणच्या एका वकिलाकडून घेतलेली. आता तिचा पांढरा रंग आणि भिंतीवर फुटलेला मिठाचा पांढरा थर यांत फरक करता येत नव्हता. सात पिढ्या मीठ पिकवलेल्या घरानं आपली एकुलती एक गाडी मिठाच्या गोदामात ठेवली होती. मिठात मासळी टिकते, कैरी टिकते. लोखंडाचं काय होतं, हे मिठागरावर फावडं धरलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, पण त्या दिवशी तुळशीरामांना फक्त कुलूप असलेली जागा हवी होती.

नामानं हातातला पाना गाडीच्या तळाला हलकेच लावला. पाना आत गेला.

"दीपेशशेठ," तो म्हणाला, "खरं सांगू का? इंजिन चालेल. गाडी नाही चालणार."

"म्हंजे?"

"खाली पत्रा उरलेलाच नाही. फ्रेम बिस्किटासारखी झालीय. उचलून विटांवर ठेवतो, फळ्या टाकून देतो, माणसं बसतील. इंजिन मी बोलतं करतो. पण एक इंच पुढं घेतली तर स्टिअरिंग तुमच्या हातात आणि गाडी जमिनीवर."

दीपेशनं विचार केला. बाबांना जायचं होतं ते ठिकाण तरी कुठे उरलं होतं? दवाखान्याचा रस्ता बदलला होता, रेल्वे फाटकाच्या जागी पूल आला होता. गाडी जागच्या जागी चालली काय आणि धावली काय, पोचायचं तर सव्वीस वर्षांपूर्वीच.

"बोलतं करा," तो म्हणाला.

नामानं प्लग काढून चारी भोकांत डिझेल आणि ऑइल ओतलं आणि चार दिवस इंजिनाला हात लावू दिला नाही. पाचव्या दिवशी पान्यानं फिरवून पाहिलं. इंजिन कण्हलं आणि फिरलं. पेट्रोलची टाकी गंजून चाळण झाली होती. ती त्यानं सोडूनच दिली. तुळशीरामांच्या गेल्या आजारपणातली सलाईनची रिकामी बाटली घरात पडून होती. ती आणि तिची नळी त्यानं मागून घेतली. बाटलीत पेट्रोल भरायचं, ती आढ्याला टांगायची, नळी सरळ कार्ब्युरेटरमध्ये सोडायची. "पेशंटला जे, तेच हिला," तो म्हणाला. नवी बॅटरी लावली आणि चावी फिरवली.

गाडी खोकली. परत फिरवली. परत खोकली. पेटायचं नाव नाही.

"ठिणगी नाही," नामा म्हणाला. त्यानं इंजिनाच्या कुशीतल्या डेल्कोच्या, म्हणजे चारी प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डबीच्या, दोन क्लिपा अंगठ्यानं उडवल्या, काळं झाकण उचललं आणि तसाच वाकून राहिला.

"याच्यातला रोटर कुठाय?"

दीपेशही वाकून डबीत बघू लागला.

"रोटर नाही. तुटलेला नाही, जळलेला नाही, काढलेला आहे. गाडी ठेवताना काढला होता का कुणी?"

"म्हाईत न्हाय," दीपेश म्हणाला. पण तेवढ्यात त्याला माहीत झालं होतं.

खारघोड्यात, घरतांच्या गावात, ते कुणालाही कळलं असतं. कंपनीनं खाडीकाठची जमीन घेतली त्या वर्षी मोबदल्याच्या पैशातून गावात एकतीस गाड्या आल्या. रस्ता नंतर आला. पुरुष मंडळी गाडी काढून पेणला प्यायला जायची आणि अंधारात खारबांधावरून परत यायची. बांध एका गाडीच्या रुंदीचा, आणि पिऊन परतणाऱ्याला तो दोन दिसायचे. पहिल्या वर्षात तीन गाड्या खाडीत गेल्या. त्यातून एक माणूस परत वर आला. तेव्हा एका ड्रायव्हरच्या बायकोनं शोध लावला की बोनेट उघडून दोन क्लिपा उडवल्या आणि बोटाच्या पेराएवढा तो काळा तुकडा उपसला, की गाडी म्हणजे नुसता पत्रा. महिन्याभरात ही विद्या घरोघर पोचली. ज्या बायांना घड्याळ वाचता येत नव्हतं, त्या डोळे मिटून रोटर काढायच्या. तो तांदळाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, नाहीतर कनवटीला असायचा. नवऱ्याला गाडी हवी असेल तर त्यानं बायकोच्या तोंडासमोर तोंड नेऊन फू करायचं. वास नसला तर रोटर मिळायचा. सरकारच्या दारूबंदीपेक्षा ही योजना बरी चालली, कारण तिला कार्यालय नव्हतं.

नामाकडे जुन्या सामानाच्या डब्यात रोटर होता. तो म्हणाला, बसवतो आणि दाखवतो. दीपेश म्हणाला, थांबा, आणि घरात गेला.

नीराबाई चुलीसमोर बसली होती. चूल पेटलेली नव्हती.

"सापडला?" तिनं विचारलं.

"न्हाय सापडला. म्हनून तर आलो."

"सापडाचा न्हाय. त्याच दिवशी खाडीत टाकला मी."

मग तिनं सांगितलं. रडली नाही. रडणं बहुतेक आधीच संपलं होतं. सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायला तीन आठवडे होते. सकाळी तुळशीराम धुतलेला शर्ट घालताना दिसले. धुतलेला शर्ट म्हणजे पेण, पेण म्हणजे बाटली. नीराबाईनं रोटर काढला, कनवटीला बांधला आणि ओहोटी लागल्यावर चिखलात निवट्या पकडायला गेली. पोरीला निवट्यांचं कालवण आवडायचं. घरापासून दोन कोस. दुपारी तीनला सगुणाला कळा सुरू झाल्या. रक्त जायला लागलं. दीपेश तेव्हा वीस वर्षांचा, मुंबईला ट्रकवर क्लीनर होता. गावातल्या बाकीच्या गाड्या लग्नाच्या वऱ्हाडात गेलेल्या. घरात तुळशीराम एकटे.

"शर्ट कशापायी घातला व्हता, मागनं कळला," नीराबाई म्हणाली. "ग्रामपंचायतीत सही कराची व्हती त्याला. प्यालेला नव्हता. त्या दिवशी थेंब न्हाय."

गाडी खोकत राहिली. तासाभरानं विटांचा एक टेम्पो मिळाला. फाटकापर्यंत पोचले. फाटक बंद होतं. मालगाडी उभी होती. फाटक उघडलं तेव्हा पुढे नेण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. ना आई, ना पोर.

"मग त्यानं बोनेट उघडला न्हाय?" दीपेशनं विचारलं. "गावात गाडी खोकली की बापय मानूस आधी बोनेटच उघडायचा."

"पोर वरडत व्हती. कुठला सुचतंय. मना म्हनला, गाडी बिघडली. मसनातनं आला, गाडी ढकलत गोदामात नेली नि कुलूप घातला. त्याला म्हाईत न्हाय, बाला. त्याला वाटतंय गाडीनं मारला."

"आनि तू सांगितला न्हायस."

"दहाव्याला सांगनार व्हते. दहाव्याला लय मानसा व्हती. मग म्हटला तेराव्याला. मग त्यानं दारूच सोडली." नीराबाईनं थंड चुलीतली राख उगाच सारखी केली. "मग मनात आला, आता सांगून काय सोडवू?"

दीपेश मग गोदामाकडे गेला आणि नामाला म्हणाला, "बसवा रोटर."

दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेतीनला फियाट विटांवर, चाकं अधांतरी, तयार होती. नामानं पुढची काच पुसली होती, सीटवर चादर टाकली होती, मागे फळी ठोकली होती. धूर कोंडू नये म्हणून गोदामाची दोन्ही दारं उघडी होती. आढ्याला अर्धा लिटर पेट्रोलची बाटली टांगलेली, नळी बोनेटमध्ये. दुसरी भरलेली बाटली नामाच्या पायाशी.

"एका बाटलीत वीस मिनिटं," तो म्हणाला. "ॲक्सिलेटर फार दाबला तर पंधरा. कमी वेळात पोचवायला सांगा त्यांना."

तीन वाजता तुळशीराम पडवीत उभे राहिले. "सगुना बसलीय. चावी दे."

दीपेशनं चावी त्यांच्या हातात दिली. सहा महिन्यांत पहिल्यांदा दिली. तुळशीरामांनी ती पाहिली, मुठीत धरली आणि दीपेशकडे न बघता गोदामाकडे निघाले. पाय बरोबर पडत होते. दार उघडून बसले, आरसा सारखा केला, स्टिअरिंगच्या दांड्याचा गियर हलवून पाहिला. दीपेश शेजारी बसला. हेतल दारात उभी होती.

मग तुळशीरामांनी मागे वळून पाहिलं.

"सगुना कुठं हाय?"

सहा महिने ती रोज न चुकता गाडीत येऊन बसली होती. गाडी खरोखर तयार झाली त्या दिवशी मागची सीट रिकामी होती. तुळशीरामांचा हात दाराच्या कडीकडे गेला. चेहरा बदलू लागला, तो चेहरा घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता.

"सगुना कुठं हाय? पोर कुठं टाकली तुमी?"

नीराबाई एवढ्या दिवसांत गोदामाच्या दिशेला आली नव्हती. ती घरातून निघाली, अंगण ओलांडून आली, हेतलला हातानं बाजूला केलं आणि मागचं दार उघडून फळीवर पाय ठेवत सीटवर बसली. पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"हाय बाबा. बसलीय," ती म्हणाली.

"दार लाव नीट. बांधावर उघडतंय."

तिनं दार लावलं. तुळशीरामांनी चावी फिरवली. गाडी एकदा खोकली आणि पेटली. गोदामाच्या पत्र्यावरचे पारवे एकदम उडाले. गाडी थरथरत होती, विटांमधून माती गळत होती. सव्वीस वर्षांनी फियाट चालू झाली, आणि नामानं सवयीनं मोबाइल काढून एक फोटो घेतला.

तुळशीरामांनी पहिला टाकला. दुसरा टाकला. समोर गोदामाचं दार होतं, दारापलीकडे शेवग्याचं झाड. ते झाड अर्थातच जवळ येत नव्हतं. पण बांध आला असावा, कारण त्यांनी वेग कमी केला.

"हळू घेतो गो. खड्डं हायत."

"घे बाबा."

"आज प्यालो न्हाय मी. वास बग." त्यांनी मान वळवून मागे फू केलं. "सकाळधरनं न्हाय. ग्रामपंचायतीत सही कराची व्हती."

"न्हाय येत वास," नीराबाई म्हणाली.

पाच मिनिटं झाली. दीपेशची एक नजर बापावर होती, दुसरी बाटलीवर. एक म्हैस आडवी आली, तिला वाट दिली. बाजारपेठ आली. तुळशीरामांनी कुणाला तरी आईवरून शिवी दिली, समोरून सायकल घेऊन आला म्हणून. दहा मिनिटं. बाटली अर्ध्याखाली गेली. दीपेशच्या मनात आलं, आता फाटक, मग उजवीकडे वळलं की दवाखाना. पोचतात. पोचवतात हे तिला.

तुळशीरामांनी क्लच दाबला आणि गियर सोडवला. इंजिन चालूच.

"काय झाला बाबा?"

"फाटक बंद हाय."

दीपेशनं बाटलीकडे पाहिलं. "उघडला बाबा. चल."

"डोलं फुटलं काय तुझं? मालगाडी उभी हाय, दिसत न्हाय?"

"निघाली ती. बग, हलली."

"गप बस. तू कोन रं?"

पेट्रोल नळीतून उतरत होतं. सव्वीस वर्षांपूर्वीची मालगाडी रुळावर उभी होती आणि ती हलवणं कुणाच्याच हातात नव्हतं. दीपेशनं काचेतून नामाला खूण केली. नामा दुसरी बाटली घेऊन पुढे आला.

"सगुना," तुळशीराम म्हणाले. आवाज खाली आला होता. त्यांनी आरशात पाहिलं नाही, समोरच बघत राहिले.

"हां बाबा."

"तुज्या आयला सांगू नको."

मागची फळी करकरली.

"रोटर तिच्याकडं व्हता. मी बोनेट उघडला तवाच दिसला, जागा रिकामी. ती निवट्यांना जेलीय खाडीवर. मी हाका मारल्या, ती आयकाला यायची न्हाय तेवढ्या लांब. तिचा काय चुकला न्हाय. मी पितो म्हनून तिनं काढला." ते थांबले. इंजिन एकसारखं चालत होतं. "तिला कळला ना, ती जगाची न्हाय. आपन काय सांगाचा? गाडी बिघडली. जुनी गाडी, बिघडते. कोन इचारतंय. मी गोदामाला कुलूप घालीन. कोनाला बोनेट उघडू देनार न्हाय. तू फकस्त सांगू नको."

दीपेश मागे वळला नाही. वळायचं धैर्य त्याला झालं नाही. नीराबाईचा आवाज यायला इतका वेळ लागला की त्याला वाटलं, येतच नाही.

"न्हाय सांगनार बाबा," ती म्हणाली.

"शपथ घे."

"शपथ."

तुळशीरामांनी मान हलवली. फाटक अजून बंद होतं. ते वाट बघत राहिले. नामा बोनेटजवळ बाटली बदलायला वाकला होता, पण त्याचा हात पोचायच्या आत नळीतलं पेट्रोल संपलं. इंजिन खोकलं, दोन गचके घेतले आणि बंद पडलं.

गोदामात एकदम खूप शांत झालं.

आता बाप दार उघडून रस्त्यानं धावत सुटेल, ट्रक अडवील, याची दीपेश वाट बघत होता. तुळशीरामांनी चावी दोनदा फिरवली. गाडी खोकली, पेटली नाही. त्यांनी चावीवरचा हात काढला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दीपेशनं त्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

"बग," ते म्हणाले. "खराच बिघडली."

एवढं म्हणून त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, मान सीटवर टाकली आणि थोड्या वेळानं त्यांचं तोंड किंचित उघडं पडलं. झोप लागली होती. दुपारी तीननंतर त्या माणसाला झोप लागल्याला सहा महिने झाले होते.

नामा हातात भरलेली बाटली घेऊन खिडकीशी आला. इंजिनाच्या आवाजात आतलं त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. "दुसरी चढवू?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

दीपेशनं आता मागे पाहिलं. नीराबाई पदर पुढे ओढून तशीच बसली होती, दोन्ही हात पोटाशी. दवाखाना अजून एका वळणावर होता. तिनं मान हलवली. नको.

नामानं बाटली खाली ठेवली आणि हात पुसले. आपण केलेल्या कामावर तो खूश होता. सव्वीस वर्षं मिठात पडलेलं इंजिन पहिल्या झटक्यात पेटलं होतं, आणि हे कुणीतरी ऐकायला हवं होतं.

"गाडी एक नंबर होती हो," तो म्हणाला. "मी सगळी खोलून बघितली ना. पॉइंट साफ, कार्ब्युरेटर साफ. रोटर तेवढा नव्हता. बाकी कायच दोष नव्हता. बिघडली होती, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

दीपेशनं तोंड उघडलं.

"बिघडली व्हती, दादा," मागच्या सीटवरून नीराबाई म्हणाली. "जुनी गाडी. बिघडते."